उतरलेला गणवेश

गणवेश हा एका अर्थाने उसना कपडा असतो. तो चढतो सैनिकाच्या अंगावर. मालकी मात्र राज्यसंस्थेची असते. ब्रिटिश लष्कराच्या जुन्या कोटांच्या अस्तरावर बाणाच्या फाळासारखी एक खूण छापलेली दिसते. ही सरकारी मालमत्तेची खूण कित्येक शतके चालत आली. बंदूक, तंबू, पाण्याची बाटली आणि माणसाच्या अंगावरचा कोट, सर्वांवर तोच बाण. सैनिक जखमी होतो, मरतो, निवृत्त होतो. कोट भांडारात जमा होतो. पुढे युद्ध संपते आणि असे असंख्य कोट एकाएकी निरुपयोगी ठरतात. त्या दिवसापासून त्यांचा दुसरा इतिहास सुरू होतो. हा बाजाराचा इतिहास असल्यामुळे युद्धाच्या ग्रंथांत त्याला सहसा जागा मिळत नाही.

हा व्यापार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो अमेरिकेत. १८६५ मध्ये तेथील यादवी युद्ध संपल्यावर सरकारने शिल्लक सामान विकायला काढले, आणि न्यूयॉर्कच्या बॅनरमन कुटुंबाने ते लिलावात घेऊन आपला धंदा वाढवला. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर फ्रान्सिस बॅनरमन यांनी एवढा दारूगोळा खरेदी केला की तो भरवस्तीत ठेवणे अशक्य झाले. म्हणून त्यांनी १९०० मध्ये हडसन नदीतील पोलेपेल हे बेट विकत घेतले आणि त्यावर किल्ल्याच्या आकाराचे कोठार बांधले. त्यांच्या जाडजूड सूचिपत्रांतून तोफेपासून गुंडीपर्यंत सारे काही मागवता येई. एका युद्धाची अडगळ हा पुढच्या पिढीचा छंद होऊ शकतो, हे या कुटुंबाने फार लवकर ओळखले होते.

पहिल्या महायुद्धाने दोन प्रकारचे कोट मागे ठेवले, आणि त्या दोहोंत वर्गभेद स्पष्ट दिसतो. ब्रिटिश अधिकारी आपला गणवेश स्वतःच्या खर्चाने शिवून घेत. थॉमस बर्बरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार केलेल्या, पाणी न शिरणाऱ्या गॅबर्डिन कापडाचा ‘ट्रेंच कोट’ त्यांनी खंदकांत वापरला. खांद्यावरच्या पट्ट्या हुद्द्याच्या खुणांसाठी होत्या, पट्ट्यावरच्या धातूच्या कड्या सामान अडकवण्यासाठी, तर छातीवरचा जादा पदर पावसासाठी. युद्धानंतर अधिकारी तो कोट घरी घेऊन गेले, कारण तो त्यांचाच होता. साध्या शिपायाच्या वाट्याला लोकरीचा जाड ओव्हरकोट आला होता. सैन्यातून मोकळे होताना त्याला तो ठेवता येई, किंवा रेल्वे स्थानकावर जमा करून एक पौंड घेता येई. चार वर्षांच्या चिखलाची आठवण अंगावर बाळगावी की पौंड घ्यावा, हा प्रश्न १९१९ मध्ये घरी परतणाऱ्यांपुढे अगदी रोकडा होता.

या सगळ्यात हिंदुस्थानचा धागा आहे आणि तो दुहेरी आहे. ‘खाकी’ हा शब्द ‘खाक’ म्हणजे धूळ यापासून आला. हॅरी लम्सडेन यांनी १८४६ मध्ये पेशावरला उभारलेल्या ‘गाइड्स’ पथकाने हा रंग लष्करात आणला. पुढे ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यानेच तो उचलला. मात्र १९१४ च्या शरद ऋतूत लाहोर आणि मेरठ या डिव्हिजनांचे हिंदी सैनिक मार्सेल्सला उतरले तेव्हा त्यांच्या अंगावर त्याच खाकीचे सुती कपडे होते. फ्रान्सच्या हिवाळ्याला पुरेसे उबदार कपडे त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचले. जगाला लष्करी रंग देणाऱ्या देशाचे सैनिक ऐन थंडीत कोटाची वाट पाहत राहिले. १९६२ मध्ये नेफाच्या डोंगरांत स्वतंत्र भारताच्या जवानांवरही अपुऱ्या गरम कपड्यांनिशी लढण्याची पाळी आली. आज कोणी हौसेने जुना लष्करी कोट खरेदी करतो, तेव्हा कोट न मिळालेल्या सैनिकांचाही त्या इतिहासात वाटा आहे, हे विसरता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कोटांचे ग्राहक बदलले. ब्रिटिश नौदलाचा ‘डफल कोट’ हे त्याचे उत्तम उदाहरण. बेल्जियममधील डफेल या गावच्या जाड लोकरी कापडावरून त्याला हे नाव पडले. त्याला गुंड्यांऐवजी लाकडी खुंट्या आणि दोरीचे फास असत, कारण थंडीत हातमोजे न काढता तो लावता-सोडता यायला हवा. जहाजावर तो एकाचा नसे. पाळीवर येणारा प्रत्येक जण तो घाली, म्हणून त्याचा घेर ऐसपैस ठेवलेला असे. युद्धानंतर हॅरल्ड आणि फ्रीडा मॉरिस या दांपत्याने हे शिल्लक कोट घेऊन विकले, आणि साठा संपत आला तेव्हा तसेच नवे कोट शिवायला सुरुवात केली. १९५८ च्या ईस्टरमध्ये लंडनहून ऑल्डरमास्टनच्या अण्वस्त्र केंद्राकडे निघालेल्या शांतता मोर्चात हेच कोट ठिकठिकाणी दिसत होते. युद्धाच्या पोशाखातच युद्धाचा निषेध झाला. त्यामागे मोठा सिद्धांत नव्हता; कोट उबदार होता आणि विद्यार्थ्याला परवडत होता. अर्थ नंतर चिकटला.

साठच्या दशकात मात्र अर्थ हेच खरेदीचे कारण बनले. लंडनच्या पोर्टोबेलो रस्त्यावर लॉर्ड किचनेर यांच्या नावाची थट्टा करणारे एक दुकान व्हिक्टोरियाकालीन गणवेश विकू लागले. जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकाने सोनेरी नक्षीचा घोडदळी डगला घातला आणि तो जगभर गाजला. साम्राज्याचा रुबाब आता रंगमंचावरचे सोंग झाला होता. ज्यांनी तो गणवेश इमानाने वाहिला होता, त्यांना हे सोंग बोचले असेल तर नवल नाही. पण हेंड्रिक्स स्वतः १९६१-६२ मध्ये अमेरिकेच्या छत्रीधारी सैन्यात होता, हे लक्षात घेतले म्हणजे निवाडा सोपा राहत नाही.

निवाडा सर्वांत कठीण झाला तो एप्रिल १९७१ मध्ये, वॉशिंग्टनला. व्हिएतनामहून परतलेले शेकडो सैनिक आपले हिरवे लष्करी कपडे घालून संसद भवनापुढे आले आणि त्यांनी आपली पदके पायऱ्यांच्या दिशेने फेकली. पदक त्यांनी टाकले, पण अंगावरचा गणवेश ठेवला. कारण आपण बोलतो ते तिथे राहून आलो म्हणून, याची तेवढी एकच साक्ष त्यांच्याजवळ होती. पुढे तोच हिरवा कोट लाखो तरुणांनी दुकानांतून घेतला. साक्षीदाराचा कोट आणि ग्राहकाचा कोट बाहेरून ओळखू येईनासे झाले.

राज्यसंस्थेला याच सरमिसळीची भीती वाटते. १८६० च्या भारतीय दंड संहितेने, सैनिक असल्याचे भासवण्यासाठी सैनिकी वेष घालणे हा गुन्हा ठरवला. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती तरतूद कायम आहे. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर सैनिकी वेषातील हल्लेखोर शिरले, तेव्हा लष्कराने नागरिकांना असे कपडे न घालण्याचे आवाहन केले. जानेवारी २०२२ मध्ये दाखवलेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या नक्षीची तर लष्कराने कायदेशीर नोंदणीच करून घेतली. कायदा येथे कापडापेक्षा हेतूकडे पाहतो, आणि ते योग्यच आहे.

मग जुना कोट घेणाऱ्याने काय पाहावे? तो शिवण तपासतो, कसरीची भोके शोधतो, अस्तरावरच्या पट्टीवरचे साल आणि माप वाचतो. कधी तेथे शाईने लिहिलेले नाव किंवा क्रमांक सापडतो. असे नाव खरवडून काढू नये. ब्रिटिश वस्तूंवर कधी कधी दोन बाण टोकाला टोक लावून छापलेले आढळतात. ही वस्तू सेवेतून काढून रीतसर विकली आहे, आता तिच्यावर सरकारचा हक्क उरला नाही, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या बाणाने पहिला रद्द होतो, पण तो पुसत मात्र नाही. दोन्ही खुणा कापडावर शेजारी राहतात. ज्याला हा कोट वापरायचा आहे, त्याने त्या दोन्ही वाचाव्यात.