जंतूंसाठीं वाढलेलें ताट

मुंबईहून कल्याणकडे जातांना डोंबिवलीनंतर ठाकुर्ली हें स्थानक लागतें. 1854 सालीं लोहमार्ग कल्याणपर्यंत पोंचला. 1929 सालीं ठाकुर्लीस रेल्वेचें वीजगृह सुरू झालें. लोहमार्गाबरोबर वस्ती वाढली, आणि वस्ती दाटली कीं पाण्यावाटें पसरणारे पोटाचे विकारहि येतात. पावसाळ्यांत येथील एखाद्या मुलास जुलाब लागले, तर ती पटकी कीं रक्तआंव, हें केवळ लक्षणांवरून नेहमींच सांगतां येत नाहीं. प्रयोगशाळेंत जंतु वाढवून पाहावा लागतो. परंतु मळाच्या लहानशा कणांत निरुपद्रवी जंतूंचीच गर्दी फार. त्या गर्दींतून अपराधी निवडावयाचा, तर सर्वांस एकच खाद्य देऊन कसें चालेल? या खाद्यासच माध्यम म्हणतात, आणि त्याच्या निवडीस मोठा इतिहास आहे.

रॉबर्ट कॉख यांनीं 1884 च्या प्रारंभीं कलकत्त्यास पटकीचा जंतु वेगळा केला. त्यांचा भर जिलेटिनवर होता. पण तें भारतीय उन्हाळ्यांत वितळतें. यावरचा उपाय त्यांचे सहकारी वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी यांनीं 1881 सालींच सुचविला होता: समुद्रशेवाळापासून मिळणारा अगर. मराठी स्वयंपाकघरांत त्यासच चायना ग्रास म्हणतात.

मुंबईंत ही निवड केवळ शास्त्राची राहिली नाहीं. 1896 च्या प्लेगनंतर हाफकिन यांनीं लस केली, तेव्हां लोकभावना जाणून गाय व डुक्कर टाळून बकऱ्याच्या मांसाचा रस वापरला. प्लेग हा पोटाचा रोग नव्हे. तथापि माध्यम निवडतांना जंतूची भूक व माणसाची श्रद्धा दोन्ही जाणाव्या लागल्या, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

पोटाच्या जंतूंसाठीं खरी युक्ति पित्तानें दिली. आंतड्यांतील जंतूंस पित्त सोसतें. इतर पुष्कळांस सोसत नाहीं. या आधारावर आल्फ्रेड मॅकॉन्की यांनीं 1905 च्या सुमारास पित्तक्षार, दुग्धशर्करा व रंग यांचें माध्यम सिद्ध केलें. त्यावर दुग्धशर्करा आंबविणारे नेहमींचे जंतु गुलाबी दिसतात; विषमज्वराचे व रक्तआंवेचे बहुधा रंगहीन राहतात. पुढें 1963 सालीं जपानी संशोधकांनीं पटकीसाठीं टी. सी. बी. एस. हें अल्कधर्मी हिरवें माध्यम दिलें. त्यावर पटकीचा जंतु साखर आंबवून पिवळे ठिपके उठवितो.

मग सर्वांत कडक माध्यमच घ्यावें, असें श्रोत्यांस वाटेल. धोका तेथेंच आहे. विषमज्वराच्या जंतूस मानवणाऱ्या बिस्मथ सल्फाइटवर रक्तआंवेचा नाजूक जंतु बहुधा वाढतच नाहीं. ताटांत कांहीं उगवलें नाहीं, म्हणजे रोग नाहीं असें नव्हे. कदाचित् ताटच चुकलें असेल. यास्तव एक सौम्य व एक कडक माध्यम जोडीनें वापरतात. पटकीचा संशय असल्यास डॉक्टरांनीं तो चिठ्ठींत लिहिणें अगत्याचें. एरवीं तिचें ताट मांडलें जाईलच, असें नाहीं.

जंतु उगवण्यास एक-दोन दिवस लागतात. पटकीनें सुकणारें मूल तेवढें थांबूं शकत नाहीं. म्हणून मीठ-साखरेचें पाणी आधीं, निर्णय मागून. परंतु तो निर्णय त्या एका मुलापुरता नसतो. त्याच नळाचें पाणी पिणाऱ्या शेजाऱ्यांसाठींहि तो असतो.