चिनी पोळा आणि आपले मूग

परक्या पक्वान्नाकडे आपण पुष्कळदां संशयानें पाहतों. परंतु इतिहास शोधूं गेल्यास त्यांत आपलेंही कांहीं सांपडतें. भाजी व कोळंबी घातलेला चिनी लोकांचा अंड्याचा पोळा हें याचें उत्तम उदाहरण होय. जास्वंदीच्या कुळांतील एका फुलावरून त्यास ‘फू-यंग’ म्हणतात.

कँटन प्रांतांतील ‘सी-यप’, म्हणजे चार तालुक्यांतील लोक, १९ व्या शतकांत अमेरिकेस गेले व तेथील खाणावळींत त्यांनीं हा पोळा लोकप्रिय केला. त्याच तालुक्यांच्या लोकांनीं मुंबईस माझगांवीं १९१९ सालीं मंदिर बांधलें. पुढें १९६२ च्या युद्धानंतर भारतांतील सुमारें ३००० चिनी वंशीयांस राजस्थानांत देवळी येथें स्थानबद्ध करण्यांत आलें. त्यांत येथेंच जन्मलेलीं मुलेंही होतीं. सुटकेनंतर पुष्कळांनीं देश सोडला.

या पोळ्याचा गाभा म्हणजे मोड आलेले मूग. आणि मुगाची लागवड प्रथम भारतांतच झाली! आपण इवले मोड काढून उसळ करतों. चिनी गृहिणी ते अंधारांत दोन इंच वाढूं देते.

घरीं करावयाचा तर चार अंडीं फेटून त्यांत वाटीभर मोड, कांद्याची पात व शिजवून निथळलेली कोळंबी घालावी. नाशकासारख्या समुद्रापासून दूरच्या गांवीं भिजवून शिजवलेले सोडे चालतात. पाणी राहिल्यास पोळा फुटतो. तापल्या तेलांत लहान लहान पोळे घालून उलटावे.

ज्यांस आपण एका वर्षांत परके ठरविलें, त्यांच्या ताटांत आपलें कडधान्य शतकानुशतकें होतें, एवढें ध्यानांत असावें.