भांडवल आणि भरंवसा

कारखान्यास भांडवल लागतें. परंतु भांडवलास आधीं भरंवसा लागतो. प्रवरेच्या खोऱ्याचा इतिहास याची साक्ष देतो. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. संगमनेर तालुक्यांतील ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांवर ऊंस पिकूं लागला. पण साखरेचे कारखाने बेलापूर कंपनीसारख्या खासगी मालकांचे. लहान शेतकऱ्याच्या वांट्यास येई गूळ, बाजाराची चढउतार आणि सावकाराचें देणें.

अशा मनुष्यानें न उभारलेल्या कारखान्याचा भाग कोणाच्या शब्दावर घ्यावा? लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनीं १९२३ सालींच गांवांत सहकारी पतपेढी काढली होती. त्यांचा शब्द गांवोगांव ओळखीचा होता. सरकार व कर्ज देणाऱ्या संस्था यांना मात्र आणखी आधार हवा होता. पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि तो आधार मिळाला.

धोरणहि तितकेंच मोलाचें होतें. ऊंस घालणाराच भागधारक. म्हणून कारखान्याची बरकत त्यास लाभांशापेक्षां उंसाच्या भावांतच अधिक दिसे. १९५० सालीं प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला. सुमारें दहा वर्षांनीं अध्यक्षपद गाडगीळांकडून विखे पाटलांकडे आलें, तरी कारखाना चालतच राहिला. कारण तोंवर विश्वास माणसाइतकाच हिशेबाच्या वहीवरहि बसला होता.

१९६० नंतरच्या दशकांत भाऊसाहेब थोरातांच्या पुढाकारानें संगमनेरासहि सहकारी साखर कारखाना निघाला. प्रवरानगरास नव्या कल्पनेवर पैसा मागावा लागला होता. संगमनेरास शेजारचें धुराडें दाखवितां आलें.