जावळ मातीत टिकत नाही

आमचे आजोबा नाशकात गोदावरीच्या रामकुंडावर वपन करायचे. रीतीप्रमाणे धोकटी पुढे माझ्याकडे यायची होती, पण मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. केसांचा नाद मात्र सुटला नाही.

नदीपलीकडे, जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी उत्खनन केलं. वस्ती तीन हजार वर्षांहून जुनी निघाली. म्हणजे इथं केसही तेवढ्याच काळापासून कापले जाताहेत, पण ते मिळायचे कुठून? आपली जमीन पावसाळ्यात भिजते, उन्हाळ्यात भेगाळते. केसातलं केराटिन गंधकाच्या बंधांमुळे चिवट खरं, तरी ओल्या मातीतल्या बुरशीपुढे त्याचं काही चालत नाही. केस टिकतो तो बहुतेक बर्फात, नाहीतर वाळवंटात.

ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतून १९८६ साली निघालेल्या केसांच्या पुंजक्यावरून २०१० मध्ये चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा जनुकसंच वाचला गेला. त्याला टक्कल पडण्याचा संभव होता, हेही कळलं. (आजोबा म्हणाले असते, गिऱ्हाईक गेलं!) अर्जेंटिनातल्या युयायाको शिखरावर १९९९ मध्ये इंका काळात बळी दिलेली मुलगी सापडली. केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो, म्हणून तिची वेणी म्हणजे दोन वर्षांची रोजनिशीच. शेवटच्या महिन्यांत तिला कोकाची पानं आणि दारू वाढत्या प्रमाणात दिली जात होती, हे त्या केसांनी सांगितलं.

आपल्याकडची आशा मला नेवाशात दिसते. प्रवरेकाठच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत पुरलेल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याचे मणी होते, आणि मण्यांत दोरा शिल्लक होता. ए. एन. गुलाटींनी तो तपासला, तेव्हा त्यात रेशीम आणि कापूस निघाला. गुलाटी म्हणजे मोहेंजोदडोचा कापूस ओळखणाऱ्यांपैकी एक. रेशीमही केसासारखंच प्रथिन. तांब्याचे क्षार जंतू मारतात, म्हणून ते वाचलं.

तेव्हा माझं साधं म्हणणं आहे: मानेजवळ, कानाजवळ सापडलेल्या तांब्याच्या दागिन्यावरचा हिरवा थर घासून काढण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. त्यात जावळाचा एखादा केस अडकलेला असू शकतो. अंगावर पिणाऱ्या मुलाच्या केसात जड नायट्रोजनचं प्रमाण जास्त असतं, दूध सुटलं की उतरतं. पुरेसा लांब केस मिळाला, तर त्या मुलाला आईनं अंगावरून कधी तोडलं, तेही सांगता येईल.