धावपट्टीखालचे शेत

आमच्या जालन्याच्या पूर्वेस १८२७ साली हैदराबाद कंटिंजंटसाठी छावणी वसली. १९०२ च्या वऱ्हाड करारानंतर ती फौज इंग्रजांच्या हिंदी लष्करात मिसळली आणि १९०३ मध्ये छावणी उठली. आज जालना म्हटले की बियाणे आणि पोलाद आठवते. छावणी आठवते ती माझ्यासारख्या जुने कागद चाळणाऱ्यालाच. फौज उठल्यावर तिच्या जागेचे पुढे काय होते, हे शोधण्याचा नाद मला लागला तो या छावणीपायी. त्या प्रश्नाचे सर्वांत अवघड उत्तर मला सापडले ते मात्र दूर ठाणे जिल्ह्यात, मलंगगडाच्या वाटेवरील नेवाळीस. तिथे छावणी नव्हती, विमानांची धावपट्टी होती.

१९४२ चा काळ आठवावा. सिंगापूर पडले, ब्रह्मदेश गेला, एप्रिलमध्ये विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. सरकारची झोप उडाली आणि देशभर धावपट्ट्यांची घाई सुरू झाली. नेवाळी आणि आसपासच्या गावांची मिळून सुमारे १६०० एकर जमीन त्या घाईत गेली. ती भाताची जमीन. भाताच्या खाचराला बांध हवा, पाणी अडायला हवे. धावपट्टीवर पाणी साचून मुळीच चालत नाही. एकाचा जीव तो दुसऱ्याचा काळ. तेव्हा बांध मोडले, जमीन सपाट झाली.

युद्ध १९४५ मध्ये संपले. विमाने गेली, धावपट्टी निकामी झाली आणि भोवतीच्या जमिनीत शेतकऱ्यांनी पुन्हा भात लावला. पिढ्या बदलल्या. २०१० साली नवी मुंबईच्या विमानतळाला पर्यावरणाची हरकत निघाली, तेव्हा पर्यायी जागा म्हणून कल्याणचे नाव पुढे आले आणि मागेही पडले.

खरा पेच कायद्याच्या दोन शब्दांत आहे. भारत संरक्षण कायद्याखाली युद्धकाळात सरकारला एखादी मिळकत तात्पुरती ताब्यात घेता येई. गरज सरली की ती मालकाकडे परत. संपादन ही गोष्ट निराळी. तिथे मालकीच सरकारकडे जाते. शेतकरी म्हणतात, जमीन युद्धापुरती घेतली होती. संरक्षण खाते म्हणते, ती आमचीच आहे, पिके हे अतिक्रमण. पंचाहत्तर वर्षे ज्याने नांगर धरला त्याला हा शब्द किती झोंबत असेल!

नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली आणि २२ जून २०१७ रोजी स्फोट झाला. तोंडावर आषाढ, म्हणजे भाताच्या कामाचे ऐन दिवस. रस्ता अडला, पोलिसांच्या गाड्या जळाल्या, छरे सुटले, दोन्हीकडची माणसे जखमी झाली. जाळपोळीचे समर्थन मी करणार नाही. पण पेरणीच्या तोंडावर शेतात भिंत उभी करणाऱ्याला शेतकऱ्याचे पंचांग ठाऊक नसावे, एवढे म्हणतो.

सातबाऱ्याच्या उताऱ्यात सातव्या नमुन्यात मालकी असते, बाराव्यात पीक. नेवाळीचे भांडण या दोहोंमधले. मला विचाराल तर १९४२ चे ते मूळ हुकूम काढावेत, मराठीत उतरवावेत आणि गावोगावच्या चावडीवर मोठ्याने वाचावेत. त्यांत ‘ताबा’ लिहिले आहे की ‘संपादन’, हे ज्यांचे बांध मोडले त्यांच्या नातवंडांनी आपल्या कानांनी ऐकावे.