पितळी कीबोर्ड आणि न फिरणारी चाकं

गेल्या शनिवारी चहा सांडला म्हणून घरचा कीबोर्ड उघडला. आत काय? प्लॅस्टिकचे पारदर्शक पापुद्रे आणि एक इवलीशी हिरवी पट्टी. अक्षर कुठून येतं ते बघून काही कळेना. आणि आपण इंजिनिअर म्हणे!

तेव्हा स्टीमपंकवाले आठवले. हा शब्द के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७ साली 'लोकस' मासिकाला लिहिलेल्या पत्रात जरा गमतीनंच सुचवला. वाफेच्या युगातल्या अद्भुत कथा तो आणि त्याचे मित्र लिहायचे, त्यांना नाव हवं होतं. म्हणजे सगळा मामला कागदावरचा. वीसेक वर्षांनी मात्र लोकांनी हातात करवत-कानस घेतली. २००७ मध्ये जेक फॉन स्लॅट हे टोपणनाव घेतलेल्या अमेरिकन कारागिराने आयबीएमच्या जुन्या 'मॉडेल एम' कीबोर्डवर टाइपरायटरच्या गोल कळा बसवल्या, भोवती पितळी चौकट केली आणि सगळी कृती फोटोंसकट लोकांपुढे ठेवली. २००९ मध्ये तर ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयात स्टीमपंकचं प्रदर्शनच भरलं.

आता पितळेने टायपिंगचा वेग वाढत नाही. मग हा खटाटोप कशाला?

मला वाटतं, जुन्या यंत्राचं काम डोळ्यांना दिसायचं म्हणून. चार्ल्स बॅबेजने १८४७ ते १८४९ दरम्यान आखलेलं दुसरं डिफरन्स इंजिन लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये खरोखर बनवलं. हँडल फिरवलं की त्यात बेरजेतला 'हातचा' पुढच्या चाकावर सरकताना चक्क दिसतो! आपला कोड दिवसभर हेच करतो, पण दिसतं कुणाला? मग शनिवार-रविवारी हाताला काहीतरी घडवावंसं वाटणारच.

पण एक गोष्ट खटकते. मॉडेल एमला शंभरावर कळा, टाइपरायटरला जेमतेम पन्नास. म्हणजे एका कीबोर्डपायी एकाहून जास्त टाइपरायटर मोडायचे. ते चालू स्थितीत असले तर? जुने टाइपरायटर जपणारे याच कारणाने या छंदावर चिडतात, आणि मला ते पटतं. दिसणाऱ्या यंत्राच्या प्रेमापोटी खरं चालणारं यंत्र मारायचं, आणि वर कशालाच न फिरवणारी चाकं चिकटवायची, हा कसला छंद?

असो. माझी कसोटी सोपी आहे: चाक लावलंत ना, मग ते काहीतरी फिरवू दे.

कीबोर्ड पुसून पुन्हा जोडला. एक स्क्रू उरलाय. :-)