कलकत्त्याचा बांबू आणि गळाची काठी

आपल्याकडे वाडे, देवळं, नाटकमंडळ्या यांवर पुष्कळ लिहून येतं. आज गळाच्या काठीबद्दल.

काठी घरी बांधायची तर आधी 'ब्लँक' लागतो, म्हणजे मूठ, कड्या, रीळ काहीच न बसवलेली निमुळती काठी. त्यातला स्वस्त कुठला घ्यावा, असं आमच्या गोव्यातली गरीची हौस असलेली तरुण मुलं मला विचारतात. बँकेत होतो म्हणून विचारत असावीत! मी त्यांना इतिहास सांगतो.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उत्तम काठ्या बनत त्या आपल्या बांबूच्या. कलकत्ता बंदरातून जाई म्हणून नाव पडलं 'कलकत्ता केन'. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातला सॅम्युअल फिलिप नावाचा बंदूक-कारागीर बांबूच्या चिपा काढून, चिकटवून काठी करू लागला. पुढे हायरम लेनर्डने सहा चिपांची षट्‌कोनी काठी व्यापारी पातळीवर आणली. इथून लाठीच्या भावाने गेलेला माल तिथे श्रीमंतांच्या हातात! मोल बांबूचं कमी, मजुरीचंच जास्त. पण आपल्या बांबूवर जाळल्याचे डाग असत, ते कारागिरांना खटकत. विसाव्या शतकात चीनच्या ग्वांगडोंगमधल्या सरळ, घट्ट तंतूंच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. १९५० मध्ये कोरियन युद्धापायी अमेरिकेने चीनशी व्यापार थांबवला आणि तोही मिळेनासा झाला.

तोवर फायबरग्लास आलं होतं. निमुळत्या पोलादी सळईवर राळेत भिजलेलं काचेचं कापड गुंडाळायचं, भट्टीत भाजायचं, सळई ओढून काढायची. तासकाम गेलं, किंमत उतरली, सामान्य माणसाच्या हातात बरी काठी आली. १९७० च्या दशकात कार्बन आला. हलका, ताठ, पण महाग.

म्हणून माझं मत असं: पहिल्या काठीला फायबरग्लास किंवा साधा कार्बन घ्या. भारी कार्बनची भिंत पातळ असते. खडकावर आपटली की तडा जातो, आणि आपल्या किनाऱ्यावर खडकच खडक. स्वस्तात मात्र सरळपणा तपासा. एक डोळा मिटून बुडाकडून शेंड्याकडे बघा, मग टेबलावर लोळवा. सांधा असेल तर जोडून हलवा, खटखट वाजला तर परत द्या. वाचलेले पैसे कड्यांवर घाला, दोरा तिथेच घासतो.

कुणाच्या माळ्यावर आजोबांची सहा चिपांची काठी असेल तर फोटो टाका. पेरांजवळ जळके डाग दिसले, तर ती कलकत्त्याची असू शकेल.